पहाटे पावणेतीनला चिवचिवणारा डबा: स्मोक अलार्म सव्वा वर्ष वापरून

आधीच सांगून टाकते, माझ्या नवऱ्याने याच वस्तूला ऑनलाइन १ स्टार दिलाय आणि खाली लिहिलंय "रात्री विनाकारण वाजतो, घेऊ नका". तो रिव्ह्यू अजून तिथेच आहे आणि बऱ्याच लोकांना तो उपयोगी पण वाटलाय. मी त्याच घरात राहते, तोच डबा माझ्याही डोक्यावर लटकलाय आणि मी ४ स्टार देतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहावं लागणार. वेळ नसेल तर बॅटरी कुठली घ्यायची ते मधे लिहिलंय तेवढं बघा आणि जा.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण माझ्या तक्रारी या किमतीतल्या कुठल्याही डब्याला लागू पडतील. वस्तू म्हणजे गोल पांढरा, पोह्याच्या बशीएवढा, छताला लावायचा, आत फोटोइलेक्ट्रिक म्हणजे उजेडावरून धूर ओळखणारा सेन्सर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. वायरिंग नाही, वायफाय नाही, ॲप नाही. आम्हाला एक ११५० रुपयांना पडला कारण आम्ही एकदम सात घेतले. आणि सात घेतले हीच पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात.

आमची बिल्डिंग पुण्यात कर्वेनगरला, चार मजली, १६ फ्लॅट, जुनी, लिफ्ट नाही. पार्किंगमध्ये एक लाल सिलिंडर लटकलाय ज्याच्यावरची रिफिलची तारीख उन्हाने उडून गेलीये, आमची अग्निसुरक्षा एवढीच. २०२३ च्या दिवाळीआधी जिन्याखालच्या मीटर बॉक्समधून जळका वास यायला लागला, एका वायरचं जॉइंट ढिलं होऊन वरचं प्लॅस्टिक वितळत होतं, दिवसाउजेडी कळलं म्हणून निभावलं. नंतरच्या मीटिंगमध्ये मी उगाच शहाणपणा केला, म्हणलं हेच रात्री कोणाच्या घरात झालं तर? झोपेत माणसाला धुराच्या वासाने जाग येईल असा भरवसा धरता येत नाही, आवाजाने तरी येते, तेव्हा प्रत्येकाने एकेक स्मोक अलार्म लावून टाका. सेक्रेटरी काका लगेच म्हणाले, "मग तुम्हीच मागवा." ज्याने सूचना केली त्याच्याच गळ्यात काम, हे इतकी वर्षं सोसायटीत राहून मला कळायला हवं होतं. सोळापैकी सात घरांनी पैसे दिले, बाकीच्यांनी "बघू" म्हणलं, एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कशाला, आमच्याकडे कोणी सिगरेट ओढत नाही."

माझी नणंद बालेवाडीला टॉवरमध्ये राहते, तिने हे ऐकून मला वेड्यात काढलं, कारण त्यांच्याकडे बिल्डरनेच सगळं दिलेलं असतं. तिकडची गोष्ट वेगळी आहे. टॉवरमधले डिटेक्टर वायरने खाली फायर पॅनेलला जोडलेले असतात, प्रत्येकात वेगळी बॅटरी नसते, त्यामुळे तुमच्या बेडरूममध्ये काही चिवचिवत नाही. बॅकअपची बॅटरी पॅनेलमध्ये, तिचं काही बिघडलं तर पॅनेल केकाटतं, आणि बऱ्याच ठिकाणी वॉचमन सायलेन्सचं बटण दाबून परत मोबाइल बघतो. २००६ च्या महाराष्ट्राच्या फायर सेफ्टीच्या कायद्यात अशा बिल्डिंगांना दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून सगळं तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो, म्हणजे वर्षातून दोनदा तरी कोणीतरी त्या पॅनेलपाशी जाऊन उभं राहतं. आमच्या जिन्यात असं कोणी येत नाही. आमच्याकडे आठवण करून द्यायला हा डबाच.

तो चालतो कसा हे मला फार आवडलं म्हणून सांगते. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की हवेतली धूळ दिसायला लागते ना, एरवी दिसत नाही, तसंच. आत एक काळी डबी, तिच्यात एका कोपऱ्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड सोडलेला आणि सेन्सर असा आडवा बसवलेला की सरळ उजेड त्याच्यावर पडतच नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून उजेड इकडेतिकडे फुटतो, त्यातला थोडा सेन्सरला दिसतो आणि भोंगा सुरू. दुसरा एक आयोनायझेशनवाला प्रकार असतो, त्यात अमेरिशियम २४१ नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी कणभर असतो, तो भडकन पेटलेली आग जरा लवकर पकडतो. पण गादी धुमसतेय, वायर वितळतेय, असला घरगुती सावकाश धूर आमच्यावाला लवकर पकडतो, म्हणून तो घेतला.

लावताना पहिली चूक आमचीच. इलेक्ट्रिशियन दादाने विचारलं कुठे लावू आणि नवऱ्याने बोट दाखवलं किचनच्या दारावर, आग लागली तर तिथेच लागणार ना म्हणून. पहिल्याच दिवशी आमटीला लाल मिरचीची फोडणी घातली आणि असा काही ठणाणा सुरू झाला की खालच्या मजल्यावरून लोक वर आले. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय की गॅसपासून निदान ३ मीटर लांब लावा, बाथरूमच्या दारासमोर नको कारण गिझरची वाफ, पंख्याच्या वाऱ्यात नको, आणि भिंत आणि छत मिळतं त्या कोपऱ्यात पण नको कारण तिथे हवा कोंडून राहते आणि धूर पोचायला वेळ लागतो. हे सगळं टाळून दोन बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये एक जागा उरली, तिथे हलवला. किचनच्या दारावर भोक अजून आहे. नंतर गणपतीत धूप आणि कापूर एकदम झालं तेव्हा एकदाच वाजला, ते मी धरत नाही.

ते सोडलं तर सव्वा वर्ष शांतता. इतकी की तो आहे हे विसरून गेलो, आणि आली जानेवारी २०२५.

पावणेतीन वाजले होते, नक्की आठवतंय कारण मोबाइल बघितला. टिक्. म्हणजे टिक् पण नाही, चिमणीच्या गळ्याला कोणी चिमटा काढावा तसा एकच आवाज, की झालं. जाग आली, वाटलं स्वप्न. पडले परत. डोळा लागणार एवढ्यात परत. मोजायला लागले तर साधारण ४० सेकंदांनी येत होता, म्हणजे झोप लागायला पुरेल इतका वेळ नाही आणि शोधायला जावं तर पुढचा येईपर्यंत आपण भलत्याच खोलीत. पहिला संशय फ्रिजवर, त्याचा प्लग काढला. मग इन्व्हर्टर. मग लेकीच्या दप्तरातलं कॅल्क्युलेटर. नवरा म्हणाला रातकिडा आहे, आणि टॉर्च घेऊन तुळशीच्या कुंडीत शोधत बसला, जानेवारीच्या थंडीत, बनियनवर. सासूबाई उठल्या, त्यांनी देवघरातली घंटी बघितली. एकटे अप्पा, म्हणजे माझे सासरे, वय ८२, गाढ झोपलेले. त्यांच्याबद्दल पुढे येतेच.

हा आवाज सापडत का नाही याला कारण आहे. त्याची पट्टी खूप वरची असते, ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि असतो क्षणभरच. आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कानांना तो नीट ऐकू यायला लागतो, डोकं वळवून बघायला वेळ लागतो, आणि इथे तुम्ही वळेपर्यंत तो संपलेला, वर भिंतींवर आपटून तीन दिशांनी आलेला. आम्ही चौघं पॅसेजमध्ये बरोबर त्याच्याच खाली उभे राहून भांडत होतो की आवाज हॉलमधून येतोय का गॅलरीतून. शेवटी लेकीने वर बघितलं. "आई, तो दिवा बघ, वाजताना लुकलुकतोय."

सकाळी ऊन आलं आणि आवाज बंद. मी सगळ्यांना सांगतेय की याची बॅटरी गेलीये आणि तो मख्ख गप्प. नवरा म्हणाला बघ, लूज काहीतरी असेल, झालं नीट. रात्री अडीचला परत.

आणि खरी मजा आता. दोन दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज: "रात्री कोणाच्या घरी पक्षी अडकला आहे का?" मग पहिल्या मजल्यावरून: "आमच्याकडे पण." मग तळमजल्यावरून एक फॉरवर्ड, घरात टिटवीचा आवाज येणं अशुभ असतं वगैरे. माझ्या लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. सातही डबे एकाच ऑर्डरमधले, सातही एकाच रविवारी लावलेले, सातहीमध्ये खोक्याबरोबर आलेली तीच फुकटची बॅटरी. एकदम जन्मलेल्या, एकदमच मरायला टेकल्या. सेक्रेटरी काका सकाळी जिन्यात भेटले, म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागवलेले ते सगळे एकदम आजारी पडलेत. काय करू सांगा, फडक्यात गुंडाळू का?" चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी खरोखर तसंच केलं होतं, जुनी लुंगी गुंडाळून रबरबँड.

थंडीत आणि पहाटेच का, तर बॅटरीच्या आत जी रासायनिक क्रिया चालते ती गारठ्यात मंदावते, अंतर्गत रोध म्हणजे आतला विजेला होणारा अडथळा वाढतो आणि डब्याने जरा जोर लावून करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं. उतरत आलेली बॅटरी दुपारी कशीबशी रेषेच्या वर असते, रात्री अडीचनंतर घर गार होत जातं तेव्हा ती रेषेच्या खाली जाते, की डबा ओरडला. ऊन आलं की परत वर. पुण्यात जानेवारीत पारा १० च्या आसपास उतरतो आणि आमच्या पॅसेजला बाहेरची भिंत आहे, म्हणजे बरोबर तिथेच गारठा. यात डब्याचा दुष्टपणा काही नाही, गणित आहे नुसतं, पण पावणेतीनला हे पटत नाही.

तर मी काय केलं, जे सगळे करतात तेच. घोडा आणला, वर चढले, डबा फिरवून काढला, बॅटरी उपसून काढली. आणि तरी तो चिवचिवला! हातात, बॅटरीशिवाय! किंचाळलेच मी. आत कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरलेला असतो, टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरलं की तो संपतो, हे लिहून ठेवा, रात्री उपयोगी पडेल. मग डबा परत लावून टाकला, बॅटरीचं झाकण उघडं, लोंबतं, कारण याच्यात बॅटरी नसेल तर झाकण बंदच होत नाही, आत एक लाल पट्टी आडवी येते, म्हणजे खालून बघणाऱ्याला कळावं की हा रिकामा आहे. कळत होतं. रोज कळत होतं. पाच आठवडे आम्ही चौघं त्या लोंबत्या झाकणाखालून ये-जा केली आणि रोज म्हणलं या रविवारी बॅटरी आणू.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी कूट करायला शेंगदाणे भाजायला ठेवले, गॅस बारीक. खाली कुरिअरवाला आला म्हणून उतरले. पार्सल घेतलं, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, त्यांच्या भाचीचं लग्न मोडलं होतं, त्यामुळे विषय लांबला, त्यात माझी चूक अशी नाही. वर येताना पहिल्या मजल्यावरच जळका वास आला आणि मी मनात म्हणलं, कोणाचं तरी लागलं वाटतं. दार उघडलं तर हॉलमध्ये पंख्याच्या पात्यांपर्यंत निळा धूर, कढई काळी, शेंगदाण्यांचे कोळसे, मधेच दोन-चार लाल निखाऱ्यासारखे. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि अप्पांच्या खोलीकडे धावले. दार उघडं होतं, खोलीत धूर होता आणि ते कुशीवर झोपलेले. हलवल्यावर उठले, खोकले, म्हणाले, "चहा झाला का?" काही झालं नाही. पण फोडणीला ठणाणा करणारा डबा बरोबर त्यांच्या दारासमोर छताला होता, आणि त्याचं झाकण धुरात हलकंसं हलत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला काही बोलले नाही. त्याने कढई बघितली, वर बघितलं, आणि स्वतःच म्हणाला उद्या बॅटरी आणू. अमेरिकेत एनएफपीए नावाची आगीच्या विषयातली जुनी संस्था आहे, त्यांच्या आकडेवारीत घरातल्या आगीत मरणाऱ्या पाचातले जवळपास तीन अशा घरांतले असतात जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालत नव्हता, आणि न चालण्याचं मोठं कारण म्हणजे बॅटरी काढून ठेवलेली किंवा संपलेली. हे मी आधी वाचलं होतं. मीटिंगमध्ये सांगितलं पण होतं.

आता बॅटरी. कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये ९ व्होल्टची मागितली तर त्याने रिमोटचे पेन्सिल सेल काढून दिले. म्हणून बुधवार पेठेत गेले, तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर, इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही पुण्यात मिळत नसलं तर तिथे मिळतं. गाडी नेऊ नका, आता मेट्रो मंडईपर्यंत जाते, मी नळस्टॉपवरून बसले, सिव्हिल कोर्टाला बदलली, मंडईला उतरून चालत. दुकान एवढंसं, काउंटरवर एक माणूस, मागे छतापर्यंत खोकी. म्हणाला, "नऊ व्होल्ट कशाला पाहिजे ताई, मीटरला का माइकला?" स्मोक अलार्मला म्हणलं तर त्याने हातातलं काम ठेवलं. माझी जुनी बॅटरी मल्टिमीटरला लावली, काटा नाही, आकडे आले, ७.४. नवीन लावली, ९.५. म्हणाला बघा, ही मेलेली नाही, घड्याळात घातली असती तर अजून चालली असती, पण याला भोंगा वाजवायला ताकद ठेवावी लागते ना, म्हणून आधी रडतो. हे वाक्य त्या पुस्तिकेच्या आठ पानांत कुठे नाहीये.

खोक्यातून फुकट आलेली असते ती बहुतेक झिंक कार्बनवाली, ३०-४० रुपयांची, ती यात घालू नका. अल्कलाइन घ्या, मला २२० ला एक पडली. विकत घेताना बॅटरीवरची एक्स्पायरी बघा, वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेली असते कारण ९ व्होल्ट घेतंय कोण. रिचार्जेबल घालायचा मोह होईल, नका घालू, तिचं व्होल्टेज मुळातच कमी आणि नुसती ठेवली तरी उतरते. १० वर्षांची लिथियम बॅटरी आतच सील केलेले डबे पण मिळतात, महाग आहेत पण पुढच्या वेळी तेच घेणार. आणि जुनी बॅटरी ड्रॉवरमध्ये खिळे, पिना, चाव्या यांच्यात टाकू नका, तिची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात, मधे धातू आला की शॉर्ट होऊन तापते, त्यातून आग लागू शकते, म्हणजे आगीच्या अलार्मच्या बॅटरीने आग. टोकांवर चिकटपट्टी लावायची आणि घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना ई-कचऱ्यात वेगळी द्यायची. लहानपणी आम्ही ती जिभेला लावून बघायचो झिणझिण्या येतात का ते, लेकीला सांगितलं तर तिने लगेच करून बघितलं.

मी सात बॅटऱ्या घेतल्या. ग्रुपवर लिहिलं, प्रत्येकी २२०, घरी येऊन लावून देईन. सहा घरांत लावल्या. आजोबांची लुंगी सोडवली.

आता अप्पा. बॅटरी घातल्यावर माझ्या डोक्यात किडा शिरला की त्या सगळ्या रात्रींचं चिवचिवणं ज्यांना ऐकूच आलं नाही त्यांना खरा भोंगा ऐकू येईल का. वय झालं की पहिल्यांदा वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि हा तर नेमका त्याच पट्टीत, शिवाय रात्री ते कानाचं मशीन काढून ठेवतात. म्हणून दुपारी ते झोपलेले असताना टेस्टचं बटण दाबलं. तीन मोठे भोंगे, थोडं थांबून परत तीन, हा धुराचा खरा आवाज, ३ मीटरवर ८५ डेसिबलचा, त्या एकट्या चिवचिवाटाशी त्याची गल्लत होऊच शकत नाही. दार उघडं असताना उठले, म्हणाले, "बेल वाजतीये, बघा कोण आहे." दार लावून परत केलं तेव्हा नाही उठले. घोरणं पण थांबलं नाही. म्हणून एक आठवा डबा घेतला आणि थेट त्यांच्या खोलीत लावला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ५२० हर्ट्झच्या जाड आवाजाचे किंवा उशीखाली थरथरणारे प्रकार परदेशात असतात, इथे मला सहज मिळाले नाहीत, कोणाला पुण्यात मिळाला तर खरंच सांगा.

तक्रारी आहेत, एक स्टार त्यापायीच कापलाय. पुस्तिका मराठीत नाही, हिंदीत पण नाही, आणि इंग्रजी अशी की लेन्स लागते. चिवचिवाट म्हणजे बॅटरी कमी हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सहाव्या पानावर, तेच डब्यावर छापलं असतं तर नवरा तुळशीत शोधत बसला नसता. फुकटची बॅटरी द्यायचीच तर धड द्या. कस्टमर केअरला पहिल्याच आठवड्यात फोन केला होता, तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम आवाजाचा व्हिडिओ पाठवा, आणि मी दुपारी १२ वाजता गप्प बसलेल्या डब्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला. आणि रात्रीपुरतं गप्प बसवायचं बटण यात असायला हवं, नऊ-दहा तास थांब, सकाळी ओरड, असं, काही महाग मॉडेलमध्ये ते असतं म्हणे. आमच्यातलं हश बटण, म्हणजे थोडा वेळ गप्प करणारं, फक्त फोडणीच्या धुरासाठी. या एका बटणाने किती डबे छतावर राहिले असते.

पण चिवचिवतो म्हणून १ स्टार देणाऱ्यांशी मी सहमत नाही, नवऱ्यासकट. तो चिडवण्यासाठीच बनवलाय. तो गोड आवाजात वाजला असता तर आम्ही रिंगटोनसारखा सोडून दिला असता. ज्या डब्यांवर ईएन १४६०४ हे युरोपचं मानक लिहिलेलं असतं त्यांना बॅटरी उतरल्यावर निदान ३० दिवस हे रडगाणं चालू ठेवावंच लागतं, म्हणजे तुम्ही गावाला गेला असाल तर परत आल्यावर तरी कळावं. आणि हा एलपीजीची गळती ओळखत नाही, त्यासाठी वेगळा गॅस डिटेक्टर, तो एलपीजी असेल तर जमिनीजवळ लावायचा कारण तो गॅस हवेपेक्षा जड, आणि एमएनजीएलची म्हणजे नैसर्गिक वायूची पाइपलाइन असेल तर वर छताजवळ कारण तो हलका. काही लोक रिव्ह्यूत लिहितात गॅस लीक झाला तरी वाजला नाही, १ स्टार. अहो, तो धुराचा आहे.

अमेरिकेत घड्याळं पुढेमागे करतात त्या दिवशी बॅटरी बदला असं सांगतात. आपल्याकडे घड्याळ हलत नाही, म्हणून आमच्या घरी खंडेनवमीला बदलायची असं सासूबाईंनी ठरवलंय. स्क्रू ड्रायव्हर, शिलाई मशीन, नवऱ्याचा लॅपटॉप यांची पूजा होतेच, घोडा बाहेर निघालेला असतोच, तर हा पण खाली उतरेल, पुसून घेतला जाईल, नवीन बॅटरी, टेस्ट बटण, आणि परत वर. फक्त हळदकुंकू जाळीवर नको म्हणून सांगितलंय, धूळ आत गेली की सेन्सर तिलाच धूर समजतो. मागच्या स्टिकरवर बनल्याची तारीख आहे, तिथून १० वर्षांनी डबाच बदलायचा, आमचा २०३३ ला.

सातव्या बॅटरीचं राहिलं. सातवा डबा आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये आहे, ते दोघं डिसेंबरात मुलाकडे कॅनडाला गेले, घराला कुलूप. रोज रात्री आमच्या छतातून बारीक टिक्, टिक्, जानेवारी गेली, अर्धा फेब्रुवारी गेला, मी त्यांना मेसेज केला तर उत्तर आलं, "हो का? बरं झालं सांगितलंत, चोराला तरी वाटेल घरात कोणी आहे." मग एका रात्री आवाज आला नाही, दुसऱ्या रात्री पण नाही, नवरा म्हणाला चला, सुटलो एकदाचे. त्यांचा पुतण्या गुढीपाडव्याला गुढी उभारायला चावी घेऊन येणार आहे, तोपर्यंत त्यांची बॅटरी मी वेगळी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, शोकेसमध्ये ठेवलीये. २२० रुपये त्याच्याकडूनच घेईन, काकांना कॅनडात जीपे चालत नाही म्हणे.